कुडमुडे, कंदील आणि पंचांग : आपल्या पूर्वजांच्या व्यवसायाचा इतिहास

मराठी भाषेत 'कुडमुड्या जोशी' हा शब्दप्रयोग आता टिंगलीचा होऊन बसला आहे. ज्यास ज्योतिषातले फारसे कळत नाही आणि तरीही जो ठासून भविष्य सांगतो, त्यास लोक हे नाव देतात. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा कोणाची निंदा करण्याचा हेतू नसतो. परंतु ज्या घरात हे नाव जातीच्या दाखल्यावर लिहिलेले आहे, त्या घरातील मुलाच्या कानी हा शब्द पडला म्हणजे त्यास काय वाटते, हे आम्ही आमच्याच घरी पाहिले आहे. आमच्या धाकट्या चिरंजीवांनी एके दिवशी शाळेतून आल्यावर दप्तर खाली ठेवण्यापूर्वीच विचारले, "आपले पणजोबा लोकांना फसवीत होते का?" त्या दिवशी आम्हांस नीट उत्तर देता आले नाही. हाच प्रश्न आपल्या समाजातील इतर घरांतही विचारला जात असेल, असे वाटून हा लेख लिहावयास घेतला आहे.

आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. वडिलांच्या व आजोबांच्या तोंडून जे ऐकले, लहानपणी पालात राहून जे पाहिले आणि पुढे पुस्तकांत जे वाचावयास मिळाले, तेवढीच आमची सामग्री. तिच्यात उणीव असल्यास ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी ती भरून काढावी.

नाव आणि परंपरा

'जोशी' हा शब्द 'ज्योतिषी' ह्या शब्दावरून आला, हे सर्वांस ठाऊक आहे. जुन्या गावगाड्यात ह्या नावाचे दोन प्रकारचे लोक होते. एक गावजोशी. तो ब्राह्मण, बलुतेदारांत त्याची गणना होई, गावास तिथी-वार सांगणे, मुहूर्त काढणे, लग्न लावणे ही त्याची कामे, आणि सुगीत खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला. दुसरा आपला पूर्वज. त्यास गाव नव्हते, वतन नव्हते. दारातल्या माउलीने सूप पुढे केले तर त्याचा हक्क. न केले तर पुढचे दार. वतनदाराच्या हक्काचे कागद दप्तरांत राहिले. आपल्या पूर्वजांच्या वाट्यास कागद असा आलाच नाही. पुढे ज्या अडचणी सांगावयाच्या आहेत, त्यांतील बहुतेकांचे मूळ येथे आहे.

शासनाच्या यादीत आपल्या जातीच्या पोटभेदांची जी नावे आहेत, त्यांवरूनच व्यवसायाची ओळख पटते. बुडबुडकी, डमरूवाले, कुडमुडे ही नावे वाद्यावरून पडली. कुडमुडे म्हणजे डमरूच्या घाटाचे, मुठीत मावणारे वाद्य. मनगट हलवले की दोरीच्या गाठी दोन्ही कातड्यांवर आपटून जो आवाज निघतो, तेच त्याचे नाव. मेढंगी, सरोदे, सरवदे हे आणखी भेद. सहदेव जोशी हे नाव मात्र परंपरेवरून आले. पांडवांतील सहदेव त्रिकालज्ञ होता आणि आपण त्याच्या विद्येचे वारस, अशी आपल्या वडिलांची श्रद्धा. 'सहदेव-भाडळी' ह्या नावाने शकुनांचे व पाऊसपाण्याचे जे ज्ञान महाराष्ट्रात प्रचलित आहे, त्याच्याशीही आपले नाते सांगितले जाते. ही श्रद्धा आहे, इतिहास नव्हे. दोहोंची गल्लत करू नये.

तरीही व्यवसायाच्या जुनेपणाविषयी शंका नाही. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी जी भारुडे रचली, त्यांत वासुदेव, गोंधळी, भुत्या यांच्याबरोबर दारोदार होरा सांगणारा जोशीही आहे. लोकांच्या नित्य ओळखीचा असल्यावाचून नाथांनी त्यास परमार्थ सांगावयास उभे केले नसते. पिंगळा पक्ष्याच्या स्वरांवरून शकुन सांगण्याची जी रीत, ती तर संस्कृत ग्रंथांतही नमूद आहे. 'वसंतराजशाकुन' ह्या ग्रंथात पिंगळ्याच्या बोलांवर स्वतंत्र प्रकरण आहे. आमच्या आजोबांस अक्षरओळख बेताची, तेव्हा त्यांनी तो ग्रंथ पाहिला असण्याचा संभव नाही. जे पंडिताच्या पोथीत होते, ते आपल्या लोकांकडे तोंडातोंडी चालत आले होते, एवढाच याचा अर्थ.

वर्षाचा क्रम

पावसाळ्याचे चार महिने पाले एका ठिकाणी असत. पाटलाने दाखविलेली गावाबाहेरची जागा, तट्टू-गाढवांना चारा आणि जवळ पाणी, एवढे असले की पुरे. ह्या दिवसांत मुलांची लग्ने ठरत, स्त्रिया गावातील लोकांच्या गोधड्या शिवीत आणि मुलगे वडिलांकडून बोल पाठ करीत. दसरा झाला की पाले उठत. खरिपाचे धान्य खळ्यावर येण्याच्या सुमारास पुरुषमंडळी आपापल्या गावांच्या वाटेला लागत. 'आपापल्या' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. भिक्षेची गावे भाऊबंदांत वाटलेली असत. दुसऱ्याच्या गावात पिंगळा म्हणून शिरणे हा गुन्हा समजला जाई आणि त्याचा निवाडा जत्रेच्या ठिकाणी पंचांसमोर होई. गावाला हे ठाऊक नसे. आपल्यात मात्र त्याची काटेकोर शिस्त होती.

पिंगळ्याची पहाट

पिंगळ्याचे काम रात्रीच्या तिसऱ्या प्रहरानंतर सुरू होई. डोक्यास मुंडासे, अंगात लांब अंगरखा किंवा कोणी दिलेला जुना कोट, खांद्यावर झोळी, काखेत काठी, एका हातात कंदील आणि दुसऱ्या हातात कुडमुडे. पिंगळा हा घुबडाच्या जातीचा लहान पक्षी. वीतभर उंचीचा, ठिपक्यांचा, पहाटेच्या अंधारात किलबिलाट करणारा. त्याची भाषा आपल्याला कळते, गावावर फिरताना त्याने जे पाहिले ते आपण घरोघरी सांगतो, असे ह्या सोंगाचे स्वरूप. दार उघडावयाचे नाही, अंगणात उभे राहावयाचे, कुडमुडे वाजवून घराचे शुभ बोलावयाचे, आणि उजाडण्यापूर्वी गाव सोडावयाचे. पहाटे बोललेल्याचे दान दिवसा मागावयास जावयाचे. पसाभर जोंधळे, जुने लुगडे, सणाचा दिवस असल्यास पोळी.

हे वाचताना सोपे वाटेल. पौष-माघाच्या थंडीत अनोळखी वाटेने, गावच्या कुत्र्यांतून, पायांत धड वहाण नसता तीन-चार वस्त्या उजाडण्यापूर्वी उरकणे म्हणजे काय, हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. आमच्या आजोबांच्या दोन्ही पोटऱ्यांवर कुत्र्यांच्या दातांचे वण होते. ते त्यांस 'माझे सनदपत्र' म्हणत.

दिवसाचे काम

दिवसा काखेत पंचांग येई. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईस गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यात मराठी पंचांगे छापली जाऊ लागली आणि पुढे छापील पंचांग स्वस्त होऊन आपल्या लोकांच्याही झोळीत आले. पत्रिका ज्यांच्या घरी नाही अशांचाच आपल्याशी संबंध. म्हणून सर्व भिस्त नावरशीवर. सत्तावीस नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे, मिळून १०८. प्रत्येक चरणास एक अक्षर. नऊ चरणांची एक रास. चू, चे, चो, ला ही अश्विनीची अक्षरे, ली, लू, ले, लो ही भरणीची, असे हे अवकहडा चक्र आमचे वडील एका दमात म्हणत. नाव ऐकताच रास निघे, आणि शेतकऱ्यास पंडिताच्या घरी न जाता आपले नक्षत्र कळे.

पाऊस हा दुसरा विषय. मे महिन्याच्या अखेरीस रोहिणी, जूनच्या ७-८ तारखेस मृग, तेथून हस्तापर्यंत पावसाची नक्षत्रे. सूर्य प्रत्येकात तेरा-चौदा दिवस. प्रत्येक नक्षत्राचे वाहन नक्षत्रांच्या गणनेस नवाने भागून उरणाऱ्या बाकीवरून काढीत. बेडूक, म्हैस, हत्ती निघाल्यास भरपूर पाऊस, कोल्हा निघाल्यास ओढ. ह्यास शास्त्राधार नाही, हे आज शाळकरी मुलासही कळते. पण पेरणी कधी करावी ह्या काळजीत असलेल्या माणसास त्या काळी विचारावयास दुसरे कोण होते?

बाकीचे प्रश्न ठरावीक. हरवलेला बैल कोणत्या दिशेस गेला, मुलीचे जमेल का, विहिरीस पाणी लागेल का, मुंबईस गिरणीत गेलेल्या मुलाचे पत्र का येत नाही. ह्या शेवटच्या प्रश्नावर आमच्या आजोबांची रीत वेगळी होती. ते 'पंधरवड्यात वर्तमान येईल' असे सांगत. आणि मग बाजारच्या गावी, एस.टी.च्या थांब्यावर, त्या बाजूच्या मुंबईकरांच्या घरी स्वतः चौकशी करीत. काही कळले तर वाकडी वाट करून त्या म्हातारीस सांगून येत. भविष्य खरे करण्याचा हा उपाय कोणत्या पोथीत लिहिला आहे, असे वडिलांनी त्यांस एकदा चेष्टेने विचारले. ते म्हणाले, "तिला ग्रह नको होते, पोरगा हवा होता."

दोष

ह्या व्यवसायाचे केवळ गोडवे गावे, असा आमचा हेतू नाही. ग्रहपीडेची भीती घालून शांतीसाठी पैसे काढणे, विधवेस किंवा निपुत्रिक बाईस नाडणे, असे प्रकार आपल्यातही होते. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' ह्या ग्रंथात फिरस्त्यांवर जे प्रकरण आहे, ते आपल्या तरुणांनी अवश्य वाचावे. नाना वेषांनी दारी येणाऱ्यांचा भार अखेर कुणब्यावरच पडतो, ही त्यांची तक्रार. टीका कटू आहे. पण शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून विचार केला तर ती सर्वस्वी खोटी म्हणता येत नाही. एका वर्षी आमच्या आजोबांनी चांगले वाहन सांगितले, लोकांनी त्या भरवशावर लवकर पेरले, आणि पावसाने महिनाभर दडी मारली. बियाणे गेले. त्यानंतर दोन वर्षे आजोबा त्या गावात गेले नाहीत. कोणी त्यांस अडविले नव्हते. ते आपण होऊन गेले नाहीत. फसविणाऱ्यास लाज नसते. चिरंजीवांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आम्हांस ह्या गोष्टीत सापडते.

रस्त्यावरचा जोशी आणि कायदा

१९७२ च्या दुष्काळात गावांची खळीच रिकामी राहिली. दारी आलेल्यास गाव काय देणार? आपली पुष्कळ कुटुंबे त्या व पुढील वर्षांत पुणे, मुंबई, सोलापूर अशा शहरांकडे वळली. तेथे पिंगळ्यास अंगण नाही. म्हणून फुटपाथवर हाताच्या पंजाचे चित्र मांडून बसणे आले. कोणी पोपट बाळगून चिठ्ठी काढविली.

ह्या नव्या जागी कायदा आधीच येऊन थांबला होता. १९५९ सालच्या मुंबईच्या भिक्षाप्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याची जी व्याख्या आहे, तिच्यात गाणे, नाचणे यांच्याबरोबर 'भविष्य सांगणे' हेही शब्द घातलेले आहेत. सार्वजनिक जागी ह्या निमित्ताने दान घेणारा तो भिकारी. पोलिसांनी त्यास वॉरंटावाचून धरावे. गुन्हा शाबीत झाल्यास पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे त्यास संस्थेत डांबता यावे, अशी ही तरतूद. हाच कायदा दिल्लीस लागू होता. तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातील शिक्षेच्या तरतुदी त्या प्रदेशापुरत्या घटनाबाह्य ठरविल्या. पोपटवाल्यांचा व्यवसाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने व त्यात १९९१ साली झालेल्या दुरुस्तीने बंद पडला. पाखरांच्या दृष्टीने ते योग्यच झाले, असेच आम्ही म्हणू.

आमची तक्रार निराळी आहे. नावावरून रास काढून आठवड्याचे भविष्य सांगणे वृत्तपत्राच्या स्तंभात सन्मानाचे ठरले. कार्यालय थाटून, पाटी लावून तेच सांगणाऱ्यास लोक पंडितजी म्हणतात. तेच काम जमिनीवर बसून केले तर ती भीक. भविष्य खोटे असेल तर ते सर्वत्र खोटे असले पाहिजे. कायद्याने विद्या तपासली नाही, बसण्याची जागा तेवढी पाहिली.

दरम्यान व्यवसायाची गरजही सरली. १९७३ पासून 'कालनिर्णय' घरोघरी भिंतीवर लागले. एकादशी कधी, चंद्रोदय किती वाजता, हे विचारावयास जोशी लागेना. पावसाचा अंदाज आकाशवाणी सांगू लागली. मुंबईच्या मुलाचे पत्रही पुढे दूरध्वनीवर आले. ह्यात वाईट काहीच नाही. आपली मुले शिकली, नोकऱ्यांस लागली. कोणीही पुन्हा कंदील घेऊन कुत्र्यांतून हिंडावे, असे आम्हांस स्वप्नातही वाटत नाही.

परंतु जे अजून वेष घालून फिरतात, त्यांची स्थिती काय आहे? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे, भिक्षा मागावयास गेलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांस मुले पळविणारे समजून जमावाने ठार मारले. ते आपल्या जातीचे नव्हते, पण आपल्याच वाटेचे होते. ज्या वेषाकडे पाहून एके काळी बायका सूप घेऊन बाहेर येत, तो वेष ओळखणारे कोणी उरले नाही. गावाने आपल्या पाहुण्यांची ओळख विसरणे किती भयंकर असते, हे त्या दिवशी दिसले. ओळख नाहीशी होऊ देणे हे म्हणूनच आम्ही केवळ भावनेचे प्रकरण समजत नाही.

कागद

आता मुख्य मुद्द्याकडे वळतो. थाडे समितीच्या अहवालानंतर २१ नोव्हेंबर १९६१ रोजी महाराष्ट्र शासनाने विमुक्त जाती व भटक्या जमातींची यादी लागू केली. तिच्यात 'जोशी' ही आपली जात पोटभेदांसह आली; आज ती भटक्या जमाती 'ब' ह्या गटात मोडते. जातीचा दाखला व त्याची पडताळणी यांसाठी ह्या तारखेपूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्यांस घर आहे, शेत आहे, त्यांस हे सोपे. ज्यांचा जन्म कोणाच्या तरी खळ्यावर झाला आणि मृत्यू पुढल्या मुक्कामी, त्यांनी वास्तव्याचा पुरावा कोठून आणावा?

आमच्या थोरल्या कन्येच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही एका कार्यालयात गेलो. तेथील गृहस्थ कागद चाळून म्हणाले, "जोशी म्हणजे ब्राह्मण. तुम्हांला दाखला कशाचा?" आम्ही पोटजात सांगितली, तेव्हा ते हसले. त्या हसण्याचा अर्थ आम्ही लेखाच्या आरंभी सांगितलाच आहे. अकरा खेपा झाल्या. शेवटी आजोबांनी ज्या गावी पावसाळे काढले, त्या गावच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरात आमच्या चुलत्यांचे नाव सापडले. एका पावसाळ्यापुरते ते पहिलीत बसले होते. गुरुजींनी जातीच्या रकान्यात 'कुडमुडे जोशी' असे स्पष्ट लिहिले होते. त्या एका ओळीवर आमच्या घरातील सात मुलांचे दाखले झाले. ज्या शब्दास लोक हसतात, त्याच शब्दाने आमच्या मुलांस कॉलेजचे दार उघडले.

तेव्हा ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची हात जोडून विनंती आहे. आपल्या घरातील सत्तर-ऐंशी वर्षांच्या वडीलधाऱ्यांजवळ वही घेऊन बसा. पावसाळ्याचे मुक्काम कोणत्या गावी होत, भिक्षेची गावे कोणती, आजा-पणज्याची नावे काय, माहेर कोणते, हे लिहून घ्या. त्या गावांच्या शाळांत जुनी रजिस्टरे, तहसीलात जन्ममृत्यूच्या नोंदींचा गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे आपण ज्यास कोतवाल बुक म्हणतो, तेथे शोध घ्या. काही ठिकाणी जातीच्या रकान्यात नुसते 'भिक्षेकरी' लिहिलेले आढळेल. त्याचीही नक्कल घ्या आणि जवळचे दुसरे कागद शोधा. मिळालेल्या नकलांची एक प्रत आपल्या संस्थेकडे द्या. एका घरचा कागद दुसऱ्या घराच्या कामी येतो. घरात जुने कुडमुडे असेल तर ते मुलांच्या खेळण्यात टाकू नका.

आपल्या पूर्वजांनी शेकडो वर्षे दुसऱ्यांचे भविष्य सांगितले. ते खरे ठरले असे आम्ही म्हणत नाही. पण अंधारात अंगणी उभे राहून, ज्या घराने अजून काही दिलेले नाही त्या घराचेही ते आधी भले चिंतीत, दान मागत ते नंतर. आणि ह्या कष्टाच्या भाकरीवर त्यांनी आपणांस वाढविले. चिरंजीवांस आम्ही आता हेच उत्तर दिले आहे. ते कितपत पटले, हे तो मोठा झाल्यावर सांगेल. तोपर्यंत त्याच्या हाती द्यावयास चार खरे कागद आपल्या सर्वांच्या घरी जमावेत, हीच ज्ञातीच्या चरणी प्रार्थना.